धर्माचा अभ्यास केला की श्रद्धा जाते काय?

तू विचारलायस की एमएला धर्माचा अभ्यास हा विषय घ्यायचाय, पण घरचे म्हणतात देवावरचा विश्वास उडेल आणि मित्र म्हणतात हा भटजीचा कोर्स. दोन्ही चूक आहे बघ. देव आहे की नाही याचा निकाल हा विषय लावतच नाही. माणसं देवाच्या नावानं काय करतात, काय सांगतात, कुणाला आत घेतात नि कुणाला दाराबाहेर ठेवतात, ते बघायचं असतं.

मॅक्स म्युलर ह्या जर्मन पंडितानं 1870 ला लंडनमध्ये व्याख्यानं दिली तिथनं ह्या विषयाची सुरुवात धरतात. ज्याला एकच धर्म माहीत त्याला एकही माहीत नाही, असं तो म्हणायचा, आणि हे मूळचं जर्मन कवी गटेचं भाषेबद्दलचं बोलणं, त्यानं धर्माला लावलं. आपल्याला बेळगावात हे सांगायला नको, कन्नड शिकताना आपल्या मराठीतलं किती कळतं!

नंतर निनियन स्मार्ट ह्या अभ्यासकानं धर्माची सात अंगं सांगितली, विधी, कथा, अनुभव, तत्त्व, नीती, समाज आणि वस्तू. मला ती पटली सौंदत्तीला, यल्लम्मा देवीच्या डोंगरावर. आज्जीसंगं लहानपणापासनं जायचो, पण एका रांडाव पुनवेला, म्हणजे देवीला वैधव्य येतं त्या मार्गशीर्षातल्या पुनवेला, वही घेऊन बसलो. यल्लम्माच्या बांगड्या फुटल्याची कथा चाललेली नि शेजारची कोल्हापूरची बाई खरोखर रडत होती, मांडीवर परडी, बोटं भंडाऱ्यानं पिवळी, पलीकडची कन्नड बाई तिच्या पाठीवरनं हात फिरवत होती, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. कथा, विधी, वस्तू, अनुभव सगळं त्या दोन हात जागेत.

पण तिथंच थांबलास तर अभ्यास अर्धा. याच देवीला मुली देवदासी म्हणून सोडायचे, कर्नाटकात 1982 ला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्या मुली कुठल्या जातीतल्या, पोट कशावर चालायचं, हे विचारलंच पाहिजे, आणि विचारलं म्हणजे आज्जीच्या श्रद्धेचा अपमान होत नाही. मी अजून जातो, उदो म्हणतो.

तर फॉर्म भर. तोवर ह्या मार्गशीर्षात आज्जीला घेऊन डोंगरावर जा, फोन खिशात ठेव, काय दिसलं ते रात्री लिही. मग गल्लीतल्या दर्ग्याच्या उरुसाला आणि किल्ल्यातल्या कमल बस्ती ह्या जैन मंदिरात तीच वही घेऊन जा, तेच प्रश्न विचार. तिथं बोचरे प्रश्न पटापट सुचले आणि यल्लम्मापाशी सुचले नव्हते, तर तेपण वहीत लिही.