व्याज पगारापेक्षा जास्त येते, मग कामावर कशाला जायचे?

नाशिकमध्ये समुपदेशन करताना लॉटरी लागलेला माणूस मला आजवर एकही भेटलेला नाही. आमच्या भागात अचानक येणारा मोठा पैसा जमिनीच्या वाटेने येतो. कधी रस्त्यासाठी, कधी औद्योगिक वसाहतीसाठी जमीन जाते आणि ज्या कुटुंबाने लाखाच्या पुढचा आकडा बँकेच्या पासबुकात कधी पाहिला नव्हता, त्याच्या खात्यात एका सकाळी कोटीच्या घरातली रक्कम जमा झालेली असते. त्यानंतर पहिल्या महिन्यात नातेवाईक, शेजारी आणि सहकारी असे सगळे मिळून त्या माणसाला एकच प्रश्न विचारत राहतात: आता नोकरी करणार की सोडणार? हा प्रश्न घेऊन माझ्याकडे अनेक जण आले. त्यांतील एक अनुभव येथे लिहीत आहे. संबंधित व्यक्तीने त्यासाठी संमती दिली असून ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरी त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही तेच संबोधन ठेवते.

अण्णा एसटीत कंडक्टर आहेत. 2018 च्या पावसाळ्यात ते पत्नीसह माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचे वय 46 होते. नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 10 जिल्ह्यांतील 392 गावांतून जातो, आणि सिन्नर तालुक्यातील त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीचा मोठा भाग त्या आखणीत आला होता. सरळ खरेदीने व्यवहार झाला. अण्णांच्या वाट्याला 1 कोटी 18 लाख रुपये आले आणि जवळपास तेवढीच रक्कम धाकट्या भावाला मिळाली. पैसे आल्यापासून अण्णांची झोप उडाली होती. वीस वर्षांत ज्यांच्या हिशोबात कधी रुपयाची तूट आली नव्हती, त्यांना एका महिन्यात तीन वेळा पदरचे पैसे भरावे लागले होते.

“मॅडम, पैसा आल्यावर माणूस खूश होतो. मी घाबरलोय. माझ्या डोक्याचं काही बिघडलंय का?” असे त्यांनी बसल्याबसल्याच विचारले.

येथे माझी एक चूक नोंदवायला हवी. त्यांच्या भीतीला धीर द्यावा म्हणून मी लगेच अभ्यासाचा आधार घेतला. 1955 मध्ये नॅन्सी मोर्स आणि रॉबर्ट वाइस या अमेरिकी संशोधकांनी 401 नोकरदार पुरुषांना विचारले होते की, आरामात जगता येईल एवढा पैसा वारशाने मिळाला तर तुम्ही काम चालू ठेवाल का, आणि त्यांतील 80 टक्क्यांनी होय असे सांगितले होते. मनाला काम हवेच असते, तुम्ही जगावेगळे नाही, असे मला त्यातून सुचवायचे होते. अण्णांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मग मी त्या ऐंशीतला का विसातला, ते कसं कळायचं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शिवाय त्या 401 जणांना केवळ कल्पना करायची होती, अण्णांच्या खात्यात मात्र पैसे खरोखर जमा झालेले होते.

त्यांच्या मेहुण्याने एक हिशोब मांडून दिला होता आणि घरात तो सर्वांना पाठ झाला होता. नवे घर, दोन बहिणींना दिलेली रक्कम, गाडी आणि जुने कर्ज यांत 68 लाख गेले होते आणि 50 लाख शिल्लक होते. सात टक्के दराने त्याचे वर्षाचे व्याज साडेतीन लाख होते, म्हणजे महिन्याला सुमारे 29 हजार. अण्णांच्या हातात पडणारा पगार त्या वेळी 26 हजारांच्या आसपास होता. घरबसल्या तीन हजार जास्त मिळत असताना पहाटे चार वाजता कशासाठी उठायचे, हा मेहुण्यांचा मुद्दा वरवर पाहता बिनतोड होता. मी अर्थसल्लागार नाही, म्हणून त्यांना एका सनदी लेखापालाकडे पाठवले. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत गेली तर बारा वर्षांत त्या 29 हजारांची खरेदीची ताकद निम्मी होईल, पगार मात्र वाढत राहील आणि भविष्यनिर्वाह निधी व उपदानाची (ग्रॅच्युइटीची) रक्कमही साठत जाईल, हे त्यांनी कागदावर दाखवून दिले. हे सांगण्याचे कारण असे की ‘मोठी रक्कम’ म्हणून घाबरवणारा किंवा भुलवणारा पैसा आयुष्यभर पुरेल एवढा मोठा बहुतेक वेळा नसतो. मनाचे प्रश्न उलगडण्याआधी हा हिशोब करून घ्यावा, कारण अर्धी चलबिचल तेथेच थांबते. अण्णांची मात्र थांबली नाही.

दुसऱ्या भेटीत मी सल्ला बाजूला ठेवला आणि कामाचा एक दिवस सुरुवातीपासून सांगा, एवढेच म्हटले. नोकरीतून तुम्हाला काय मिळते, या प्रश्नावर ते पगाराच्या पुढे जाऊ शकले नव्हते, पण दिवस सांगताना त्यांचा आवाज बदलला. डेपोत हजेरी, तिकिटाचे मशीन ताब्यात घेणे, पहिल्या फेरीला रोज त्याच थांब्यावर उभे असणारे दूधवाले, शाळेच्या मुली, तालुक्याच्या दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या, कुणाकडे सुट्टे नसतील आणि कोण पास घरी विसरले असेल याचा अंदाज, हे सगळे ते पाऊण तास बोलत राहिले. तेव्हा त्यांची पत्नी प्रथमच मध्ये बोलली: “हे सगळं खरं आहे ताई, पण मुक्कामी गाडीचं पण सांगा म्हणावं.”

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: संध्याकाळी निघालेली मुक्कामी गाडी शेवटच्या गावी रात्रभर थांबते आणि पहाटे परत फिरते, आणि ड्रायव्हर-कंडक्टर त्या गावीच झोपतात. अण्णांच्या अशा रात्री आठवड्यात दोन-तीन तरी असत. मुलाच्या लहानपणचे ताप, सासऱ्यांचे अखेरचे आजारपण, सासूबाईंच्या डोळ्यांचा त्रास हे सारे त्यांच्या पत्नीने त्या रात्रींत एकटीने निभावले होते. पैसा आल्यावर ‘नोकरी सोडा’ असा त्यांनी जो आग्रह धरला होता, त्यामागे मेहुण्यांच्या व्याजाचा हिशोब नव्हता. नवरा रात्री घरी असावा, एवढेच त्यांना हवे होते. नवरा-बायको तीन महिने एकाच प्रश्नावर भांडत होते आणि दोघांच्या मनातला प्रश्न वेगळा होता. समुपदेशनात हे वारंवार दिसते, तरी प्रत्येक वेळी मला ते उशिराच कळते.

डेपोतील थट्टेचाही भाग होता. ‘शेठ आले’ इथपर्यंत ती अण्णांना सहन होई, पण तुम्ही कशाला कुणा गरजू पोराची जागा अडवता, हे एका सहकाऱ्याचे वाक्य त्यांना फार लागले होते. ही टोचणी प्रामाणिक माणसालाच लागते. माझे मत मी स्पष्ट सांगितले: तुम्ही राजीनामा दिलात तर ती जागा त्याच पोराला, किंवा कुणालाही, लगेच मिळेल असे काही नाही, आणि आपल्या कामाची किंमत आपल्या गरिबीवर ठरत नाही.

भीतीचे मूळ तिसऱ्या भेटीत हाती आले, आणि ते अण्णांच्या नोकरीत नव्हते. जमीन दोघा भावांची असली तरी ती कसत होता धाकटा भाऊ. मोबदला दोघांना सारखा मिळाला, पण एकाचे काम शिल्लक राहिले आणि दुसऱ्याचे काम जमिनीबरोबर गेले. भाऊ आता सकाळी पारावर जाऊन बसे, दुपारी घरी येऊन झोपे आणि संध्याकाळी पुन्हा पारावर जाई. बैल विकलेले होते, पाळीच्या पाण्यासाठी रात्री उठायचे नव्हते, कांद्याच्या भावाची चिंताही नव्हती. वर्षभरात तो दहा वर्षांनी म्हातारा झाला, असे अण्णा म्हणाले. पहिली फेरी घेऊन निघताना त्यांना तो रोज पारावर दिसे.

समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावाचा केलेला अभ्यास मला तेव्हा आठवला. गिरणी बंद पडून जवळजवळ सारे गाव बेकार झाले होते. मोकळा वेळ भरपूर असूनही गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या 1929 ते 1931 या काळात जवळजवळ निम्म्याने घटली होती आणि रस्त्यावरून जाणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली होती. पुढे याहोडा यांनी मांडले की काम पगाराखेरीज दिवसाला आखणी देते, घराबाहेरच्या माणसांशी संबंध ठेवते, एकट्याच्या आवाक्यापलीकडच्या गोष्टीत सहभागी करून घेते, समाजात एक ओळख देते आणि हातापायांना नेमाने हलते ठेवते. मारिएनथालच्या लोकांकडे पैसाही नव्हता आणि अण्णांच्या भावाच्या खात्यात कोटभर रुपये होते, हा फरक लहान नाही. तरीही पारावरचा तो दिवस मला त्या गावातल्यासारखाच वाटला. या वेळी मी अभ्यास पुराव्यासारखा पुढे केला नाही. त्या पाच गोष्टी फक्त सांगितल्या आणि भावाकडे त्यांतील काय उरले आहे, असे विचारले. अण्णा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “एकही नाही.”

यानंतर आम्ही ठरवले की राजीनाम्याचा विषय सहा महिने काढायचा नाही, त्या काळात कुणाला उसने द्यायचे नाहीत आणि शिल्लक अर्जित रजेपैकी एक महिना घेऊन घरी राहून पाहायचे. त्या महिन्यातील प्रत्येक दिवस कसा गेला, हे रात्री चार ओळींत लिहायचे. वही माझ्याकडे आली तेव्हा पहिल्या आठवड्यात झोप आणि नव्या घराची किरकोळ कामे होती, दुसऱ्यात पाहुणे आणि लग्ने, आणि तिसऱ्यापासून नोंदी आखूड होत गेल्या होत्या. एका दिवशी फक्त ‘स्टँडवर जाऊन आलो’ एवढेच लिहिलेले होते. पत्नीची तक्रार होती की ते भाजीच्या पिशवीचासुद्धा हिशोब मागू लागले आहेत, तिकीट काढल्याशिवाय स्वयंपाकघरात सोडत नाहीत. पण त्याच वहीत आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे चार दिवस होते, आणि त्या नोंदी सर्वांत मोठ्या होत्या.

वही वाचून दोघांनी मिळून जे ठरवले, ते माझ्या सल्ल्यापेक्षा चांगले होते. अण्णा कामावर परतले आणि मुक्कामी गाडीऐवजी दिवसाच्या फेऱ्या मिळाव्यात असा अर्ज त्यांनी केला. ते जमायला काही महिने गेले. रात्रीचे भत्ते आणि जादा कामाचे पैसे मिळून महिन्याला दोन-अडीच हजारांची घट झाली. पूर्वी ती परवडली नसती. स्वीडनमध्ये लॉटरी जिंकलेल्यांचा जो मोठा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बहुतेक विजेत्यांनी काम सोडले नाही, थोडे कमी केले असे दिसले. त्यांच्या कमाईतील वार्षिक घट बक्षिसाच्या रकमेच्या साधारण एक टक्का होती. तो अभ्यास मी अण्णांना सांगितला नाही. त्यांनी आपल्या पैशातून रात्री विकत घेतल्या होत्या, आणि तेवढे पुरेसे होते.

प्रत्येकाने नोकरी धरून ठेवावी, असे माझे म्हणणे नाही. बारा-बारा तास उभे राहून पॅकिंगचे काम करणाऱ्या, गुडघे गेलेल्या एका ताईंना जमिनीचे पैसे मिळताच त्यांनी दुसऱ्याच दिवशी काम सोडले, आणि त्यांना माझी गरज एका भेटीपुरतीही नव्हती. त्या कामात पगाराखेरीज त्यांच्यासाठी काहीच नव्हते. म्हणून आता कुणी हा प्रश्न घेऊन आले की मी आधी कामाचा एक दिवस सांगायला लावते, घरातील दुसऱ्या माणसाला त्या दिवसातील काय नको आहे ते विचारते, आणि ज्याचे कामच पैशाबरोबर गेले असा कुणी घरात आहे का, याची चौकशी करते. अण्णांच्या मुलाबाबत मात्र माझे फारसे चालले नाही. त्याने ‘आता कशाला’ म्हणत पदविकेचा अभ्यास अर्धवट सोडला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आलेला पैसा आणि सेहेचाळिसाव्या वर्षी आलेला पैसा यांत फार अंतर असते, आणि त्याविषयी स्वतंत्रपणेच लिहावे लागेल.

भाऊ माझ्याकडे कधीच आला नाही. संमती विचारण्यासाठी अण्णांना फोन केला तेव्हा कळले की त्याने गावापासून चौदा किलोमीटरवर तीन एकर घेतले आहेत. जमीन मध्यम आहे, विहिरीला उन्हाळ्यात पाणी पुरत नाही आणि दोन वर्षे कांद्यात तोटाच झाला. मोटरसायकल असूनही तो सकाळी अण्णांच्याच गाडीने जातो. भावाकडून पैसे घेऊ नयेत म्हणून वहिनी दोन वेळा अण्णांना बोलली, पण तिकीट मात्र ते रोज फाडतात.