पॉल परत आला का, हे मला नको विचारूस

प्रश्न : ताई, मी भरपूर वाचते, पण कादंबऱ्यांचे अर्धवट शेवट बघून डोकं फिरतं. रात्र रात्र जागून एवढं जाडजूड पुस्तक संपवायचं आणि शेवटी लेखक म्हणणार, आता तुम्हीच ठरवा. परवा शार्लट ब्राँटेची 'व्हिलेट' संपवली. ल्यूसीचा पॉल समुद्रात बुडाला की सुखरूप परत आला, तेच बाईंनी सांगितलेलं नाही! पुस्तक भिरकावून देणार होते, पण ते सासूबाईंचं आहे (त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आता आमच्याकडेच असतात). त्यांनी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने बरंच काहीबाही लिहिलं होतं, मला पुस्तकं स्वच्छ लागतात म्हणून ते खोडून ठेवलं. नवऱ्याला सांगायला गेले तर तो मोबाईलमधून मान वर करेना. घरात या विषयावर बोलायला कोणी नाही. ही वाचकाची फसवणूकच नाही का?
— वैतागलेली वाचक, नाशिक

अगं, खोडलंस?

तुझं पत्र मी परत परत वाचलं आणि दरवेळी त्या पेन्सिलीपाशीच अडकले. बाकी सगळं तू तावातावाने लिहिलंयस, आणि हे मात्र अर्ध्या वाक्यात, जाता जाता. बरंच काहीबाही म्हणजे काय? वाचलंस तरी का ते? पुस्तकाच्या मागच्या पानावर नाव असतं, फार तर तारीख असते, पण बाई बरंच लिहितात म्हणजे पुस्तक संपल्यावर त्यांनाही तुझ्यासारखंच राहवलं नव्हतं. आणि तू ते रबराने पुसून वर मला कळवतेस की घरात बोलायला कोणी नाही. मला या गोष्टीचा खरंच राग आलाय.

आता त्या शेवटाबद्दल. शेवटचं प्रकरण पुन्हा काढ आणि सावकाश वाच. पॉल तीन वर्षं दूरच्या ग्वाडेलूप बेटावर, दर बोटीने त्याचं पत्र येतंय, ल्यूसी त्याने थाटून दिलेली शाळा चालवतेय, मग तो परत यायला निघतो आणि सात दिवस वादळ घोंगावत राहतं. तिथे ल्यूसी थांबते, म्हणते ज्यांना आशा ठेवायचीय त्यांनी ठेवावी. पण त्यानंतरच्या दोनतीन ओळी तू वाचल्यास ना? मादाम बेकचं छान चाललं, फादर सिलासचंही छान चाललं, आणि जिच्या इस्टेटीपायी पॉलला समुद्रापार धाडलं ती म्हातारी मादाम वालरावन्स नव्वदी गाठून मग गेली. म्हणजे ज्यांच्याशी आपल्याला काडीचं देणंघेणं नाही त्यांचं सगळं पक्कं सांगितलंय, अगदी वयासकट. सांगता येत नव्हतं म्हणून नाही, पॉलचं तेवढं एकच शार्लटने मुद्दाम झाकलंय.

का झाकलं, तेही माहितीये. शार्लट गेल्यावर दोन वर्षांनी, 1857 मध्ये, एलिझाबेथ गॅस्केलने तिचं चरित्र लिहिलं, त्यात आहे. शार्लटचे वडील पॅट्रिक हॉवर्थला धर्मगुरू होते. बायको 1821 मध्ये गेली, दोन थोरल्या मुली 1825 मध्ये, आणि मग सप्टेंबर 1848 ते मे 1849 एवढ्यात ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन, तिघंही. सहा मुलांमधली एक उरली, ती शार्लट, आणि तीच त्या घरात बसून 'व्हिलेट' लिहीत होती. वडिलांनी तिला विनवलं की शेवट गोड कर, मनाला चटका लावणारी पुस्तकं नकोत मला. तिच्या मनात मात्र पॉल बुडालेलाच होता, ते तिला बदलता येईना. मग तिने शब्द असे ठेवले की म्हाताऱ्याला वाटलं तर पॉल परत आलाय असं वाटावं. 1853 मध्ये पुस्तक छापून आलं ते तसंच. तू ज्याला फसवणूक म्हणतेस ते लेकीने बापासाठी केलंय, आणि स्वतःला जे खरं वाटत होतं त्यातलं काही पुसलं पण नाही. मला तो शेवट फार फार आवडतो.

सगळेच असे शेवट या लायकीचे नसतात हे कबूल. काही लेखकांना पुढचं सुचतच नाही आणि ते हात झटकून मोकळे होतात, त्यांची पुस्तकं दे टाकून, मी अडवणार नाही.

पण हे पुस्तक घेऊन आज रात्री जेवणं झाली, मागचं आवरलं, की सासूबाईंच्या खोलीत जायचं. उद्या नाही, आज. आधी सरळ सांगायचं, आई, तुम्ही लिहिलेलं मी पुसलं, चुकलं माझं. त्या म्हणतील जाऊ दे गं, तसंच काहीतरी होतं ते. तेवढ्यावर सुटका करून घेऊन उठायचं नाही. काय लिहिलं होतं, कधी लिहिलं होतं, तेव्हा त्यांना पॉलचं काय झालं असं वाटलं होतं आणि आता काय वाटतं, हे सगळं विचारायचं, आणि त्यांचं पूर्ण बोलून होईपर्यंत स्वतःचं मत तोंडातून काढायचं नाही. पान दिव्याखाली तिरकं धरून बघा दोघी मिळून, पेन्सिल दाबून लिहिलेली असली तर रबर फिरवल्यावरही कागदावर वळ राहतात, थोडंफार लागेल. जे लागणार नाही ते त्यांच्याकडून पुन्हा लिहून घे, आणि खाली तुझं तू लिही, त्याच पानावर.

त्या म्हणाल्या की पॉल बुडाला, तर लगेच हो म्हणू नकोस, तुला तो जिवंत हवाय हे तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसतंय, भांड त्यांच्याशी. मी त्यांच्या बाजूने आहे.