तो असतानाच फोटो काढायचे का?

‘मॅडम, मोबाइल हातात घेतला की हात थरथरतो. आत्ता फोटो काढून ठेवायचे म्हणजे तो जाणार हे आपणच ठरवून टाकल्यासारखं नाही का?’

घरात म्हातारं किंवा आजारी जनावर असलेली माणसं हा प्रश्न या ना त्या शब्दांत विचारतातच. या ताई पन्नाशीच्या. घरात 13 वर्षांचा काळाकुळकुळीत गावठी कुत्रा, त्याला इथे काळू म्हणू. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशीलही बदलले आहेत. मूत्रपिंडं निकामी होत आलेली, दिवसाआड सलाईन. मुलाला फोटोशूट करायचं होतं. सासूबाईंचं म्हणणं, जित्या जिवाचे असले फोटो काढू नयेत, अभद्र असतं. आणि ताईंची खरी भीती निराळीच होती: तो गेल्यावर हे फोटो बघवतील का?

सासूबाईंचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आपल्याकडे भिंतीवर एकट्याचा मोठा फोटो लागतो तो बहुतेक वेळा हार घालायलाच. म्हणून सुचवलं, की काळूचा एकट्याचा फोटो नकोच. रोज सकाळी त्याला पोळी आजीच घालतात ना? मग त्यांचा हात फोटोत येऊ द्या. आजी तयार झाल्या, फक्त बांगड्या दिसल्या पाहिजेत, अशी अट घालून.

ताईंच्या भीतीचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागलं. जाणाऱ्याचं दुःख तो जायच्या आधीच सुरू होतं. कॅमेरा समोर धरल्यावर येणारं रडू त्याचंच असतं, फोटोनं ते आणलेलं नसतं. पुढे त्रास होतो तो फोटो असल्याचा नव्हे, फक्त शेवटचेच फोटो असल्याचा. दवाखान्यातलं टेबल, सलाईनची नळी, खपाटीला गेलेलं पोट, एवढंच मोबाइलमध्ये उरलं तर आधीची 12 वर्षं त्याखाली गाडली जातात. शेतकरी घरात बैलाच्या बाबतीत उलटं होतं. फोटो असतो तो एकच, पोळ्याचा. अंगावर झूल, रंगवलेली शिंगं, कपाळावर बाशिंग. सजलेला बैल दिसतो, पण आपला कुठला ते शोधावं लागतं. म्हणून फोटो काढायचा तो रोजच्या काळूचा, त्याच्या रोजच्या जागी.

पहिला प्रयत्न फसलाच होता. रात्री, ट्यूबलाइटखाली, मागे नवी चादर बांधून, फ्लॅश लावून, चौघांनी चार बाजूंनी हाका मारत फोटो काढले. काळू पलंगाखाली गेला तो गेलाच. हाती लागला तो एक काळा गोळा आणि दोन हिरवे दिवे. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे चकाकणारा थर असतो, फ्लॅश थेट त्यावरून परत येतो. शिवाय कमी उजेडात कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो, त्यामुळे मान जरा हलली तरी चेहरा पुसट येतो.

दुसऱ्या खेपेला सकाळी 8 ची वेळ ठरवली. खाणं आणि जवळच्या जवळ फेरी झालेली, सलाईनचा दिवस नाही. खिडकीपासून 3-4 फुटांवर त्याची नेहमीची गोधडी, खिडकी त्याच्या एका बाजूला. थेट ऊन येत असेल तर पातळ पडदा ओढायचा. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर पांढरं धोतर टाकायचं, म्हणजे अंधारातल्या गालावर उजेड परततो. काळ्या कुत्र्याच्या फोटोची सगळी मदार यावर आहे. त्याच्या केसांत रंगाचा फरक नसतो, उजेडाची चकाकी पडली तरच कपाळ, भुवई, गाल वेगळे दिसतात. फ्रेम काळ्या अंगानं भरली की कॅमेरा चित्र उजळवतो आणि काळा कुत्रा राखाडी येतो. मागे खिडकी आली तर उलट तो डांबराचा गोळा होतो. मोबाइलवर डोळ्यावर बोट दाबून फोकस लॉक करायचा आणि बोट किंचित खाली ओढून उजेड कमी करायचा. त्याआधी भिंग पुसायचं, स्वयंपाकघरातले तेलकट हात लागलेले असतात.

फोटो काढणाऱ्यानं जमिनीवर बसायचं, कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीला. फार जवळ गेलं की नाकच मोठं येतं, म्हणून जरा मागे सरकून 2 पट झूम. पोर्ट्रेट मोड बंद, कारण तो कानाची कड आणि मिशा धूसर करून टाकतो. मोठा कॅमेरा असेल तर शटरचा वेग 1/250 सेकंदापेक्षा मंद नको आणि अॅपर्चर, म्हणजे भिंगाचं उघडणारं छिद्र, एफ/4 च्या आसपास. त्याहून फार उघडलं की डोळा स्पष्ट आणि नाक धूसर.

काळूला ऐकू कमी येत होतं, त्यामुळे हाका व्यर्थ. त्याला सुकटीचं आमिषही दाखवायचं नव्हतं, मूत्रपिंडाचं पथ्य होतं. त्याचंच पथ्याचं खाणं कोमट केलं. कोमट अन्नाला वास जास्त येतो, मान आपोआप वर होते. वेळ 10 मिनिटं, त्यापुढे नाही. जांभया देणं, ओठ चाटणं, कान मागे पाडणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, यातलं काहीही दिसलं की फोन खाली ठेवायचा. आणि गळ्यात हात घालून त्याला पोझ द्यायला लावायचं नाही, बहुतेक कुत्र्यांना ते जखडल्यासारखं वाटतं.

सलाईनसाठी पुढच्या उजव्या पायावरचे केस काढले होते, म्हणून मुख्य फोटो डाव्या बाजूनं. ताईंनी तो पायही वेगळा टिपला, तेही योग्यच. शिवाय फाटलेला कान, पंजाची भेगाळलेली गादी, दाराच्या चौकटीवरचे नखांचे ओरखडे. आणि 20 सेकंदांचा व्हिडिओ, झोपेतल्या घोरण्याचा. आवाज सगळ्यात आधी विसरला जातो, असं माणसं फार हळहळून सांगतात.

छपाईसाठी मूळ फाइलच द्यायची. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ती आकसते. 8 बाय 12 इंचाला 2400 बाय 3600 पिक्सेल पुरतात. कागद मॅट, आणि काचेला फोटो चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट. पावसाळ्यात दमट हवेनं चिकटलेला फोटो सुटत नाही, फाटतो.

काळू 5 आठवड्यांनी गेला. त्यानंतर ताईंना मोबाइलनं त्रास दिला, ‘आजच्या दिवशी’ म्हणून तो अचानक काळू समोर आणायचा. फोटोंच्या अॅपमध्ये आठवणींच्या सेटिंगमधून ठराविक तारखा लपवता येतात, त्या लपवल्या. फोटो मात्र एकही पुसला नाही. छापलेला फोटो मुलाच्या टेबलावर आहे, गोधडीवरचा काळू आणि त्याच्या तोंडाशी बांगड्यांचा हात. हार घालायचा नाही, हे आजींनी स्वतःच सांगितलं.