वाचकांचे प्रश्न : छोट्या कायाकवर लाइव्ह सोनार

प्रश्न : मी डॅलसजवळ राहतो. गेली तीन वर्षे पायाने पेडल मारून चालवण्याची 12 फुटी कायाक (लहान, अरुंद नाव) घेऊन मी लेक फोर्क आणि आसपासच्या तलावांवर क्रॅपी व बास हे मासे पकडायला जात आहे. मोठ्या बोटींवरील मंडळी लाइव्ह सोनारच्या पडद्यावर मासा पाहून नेमका त्याच्यासमोर गळ सोडतात. ते यंत्र कायाकवर बसवता येते का, त्याला बॅटरी किती लागते आणि एवढा खर्च करण्याइतका त्याचा उपयोग होतो का, हे कृपया सविस्तर सांगावे.
— एक वाचक, प्लेनो (टेक्सास)

उत्तर : बसवता येते, आणि अनेक जण बसवतातही. मात्र कायाकवरची खरी अडचण मासा दिसण्याची नसून दिसलेला मासा पडद्यावर टिकवून ठेवण्याची आहे. खरेदीचा निर्णय याच मुद्द्यावर घ्यावा असे माझे मत असल्यामुळे त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

सोनार पाण्यात ध्वनी सोडतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र काढतो. जुन्या पद्धतीचा सोनार बोटीखालून गेलेल्या पाण्याचा इतिहास दाखवतो. त्यातील कमान म्हणजे थोड्या वेळापूर्वी खालून गेलेला मासा. गार्मिनने 2018 मध्ये लाइव्हस्कोप आणला, त्यापाठोपाठ लोरन्सचा ॲक्टिव्ह टार्गेट आणि हमिनबर्डचा मेगा लाइव्ह आला, आणि समोरच्या पाण्यात या क्षणी काय चालले आहे ते हलत्या चित्रासारखे दिसू लागले. हे शक्य होते ते ध्वनीच्या वेगामुळे. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1480 मीटर धावतो, त्यामुळे 15 मीटरवरील माशाकडे जाऊन परत यायला त्याला जेमतेम 20 मिलिसेकंद लागतात आणि एका सेकंदात कित्येक चित्रे तयार होऊ शकतात. पल्ला जितका वाढवाल तितकी प्रतिध्वनीची वाट अधिक पाहावी लागते आणि चित्र अडखळू लागते. म्हणून यंत्राची पोहोच मोठी असली, तरी कायाकवरून समोरचा पल्ला 15 ते 20 मीटर एवढाच ठेवावा. तेवढ्या अंतरावर गळ अचूक टाकणेही शक्य असते.

आता मूळ अडचणीकडे येतो. लाइव्हस्कोपच्या ट्रान्सड्यूसरचा, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाचा, झोत वरून खाली 135 अंश पसरतो, पण डावीकडून उजवीकडे फक्त 20 अंश. याचा अर्थ 10 मीटर अंतरावर त्याची रुंदी सुमारे साडेतीन मीटर भरते. त्या साडेतीन मीटरमध्ये मासा डाव्या कडेला आहे की उजव्या, हे पडद्यावर कळत नाही, तेथे केवळ अंतर आणि खोली दिसते. झोत 10 अंशांनी वळला, की त्याच्या मधोमध असलेला मासा चित्राच्या बाहेर जातो. कायाकचे नाक वाऱ्याच्या साध्या झुळुकीने, किंबहुना आपण गळ फेकताना कंबर वळवली तरी, तेवढे सहज फिरते. मोठ्या बोटीवर पुढच्या टोकाला जीपीएसच्या साहाय्याने बोट जागेवर रोखणारी विद्युत मोटर असते. आपल्याकडे पाय आणि सुकाणू एवढेच असतात.

त्यामुळे ट्रान्सड्यूसर कायाकच्या तळाला पक्का बसवू नये. बाजूच्या रुळावर एक दांडा उभा करावा, त्याला वर आडवी मूठ असावी आणि ट्रान्सड्यूसर पाण्याखाली साधारण वीतभर राहावा. मूठ आणि ट्रान्सड्यूसर एकाच दिशेला रोखलेले असले, की कायाक फिरली तरी मनगटाने दांडा उलट वळवून झोत माशावर ठेवता येतो, आणि मुठीकडे पाहून गळ कोणत्या दिशेला टाकायचा तेही कळते. दांडा बसल्या जागेवरून हात सहज पोहोचेल असा, किंचित पुढे असावा. फार पुढे असेल तर वाकावे लागते आणि तोल जातो.

या दांड्याला बिजागरी हवी, हे मी अनुभवाने सांगतो. लेक फोर्कच्या पाण्यात अजून झाडांची खोडे उभी आहेत आणि क्रॅपी त्यांच्याच आसऱ्याने राहतात, त्यामुळे आपण मुद्दाम खोडांच्या जवळ जातो. माझा पहिला दांडा घट्ट आवळलेला होता. तो पाण्याखालच्या बुंध्याला अडकला, मागून एका बोटीची लाट आली आणि कायाक दांड्याभोवती फिरून मी फेब्रुवारीच्या पाण्यात पडलो. लाइफ जॅकेट अंगावर होते आणि किनारा जवळ होता, म्हणून निभावले. तेव्हापासून धडक बसताच मागे दुमडणारा दांडाच मी वापरतो. टेक्सासच्या कायद्यानुसार प्रत्येक व्यक्तीसाठी लाइफ जॅकेट नावेत असावे लागते आणि चालत्या नावेत 13 वर्षांखालील मुलांनी ते घातलेलेच असावे लागते. पण ज्याची नजर पडद्यावर खिळलेली आहे त्याला लाट येताना दिसत नाही, म्हणून सोनार वापरणाऱ्या मोठ्यांनीही ते अंगावरच ठेवावे.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. सोनारची पेटी आणि ट्रान्सड्यूसर मिळून साधारण 20 वॉट आणि नऊ इंची पडदा जवळपास तेवढेच खातो, असे धरून एकूण 45 वॉट समजू. 12.8 व्होल्टची, 30 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 384 वॉट-तास देते, म्हणजे आठ तासांहून थोडे अधिक. थोडी राखीव सोडून सात तास धरावेत. तेवढ्याच क्षमतेची शिसे-आम्लाची बॅटरी सुमारे तिप्पट वजनाची असते आणि निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर खराब होते. बॅटरी बैठकीच्या जवळ, तळाशी आणि मध्यरेषेवर बांधावी आणि तिच्या धन तारेवर फ्यूज अवश्य असावा. पुढे विद्युत मोटर बसवलीत, तर तिला वेगळी बॅटरी द्यावी, कारण एकाच बॅटरीवर दोन्ही चालवल्यास पडद्यावर रेघोट्या उमटतात. शिवाय मोटर बसताच टेक्सासमध्ये कायाकची नोंदणी करावी लागते. केवळ सोनारसाठी ती लागत नाही.

पडदा वाचायला एक हंगाम द्यावा लागतो. माशाचा ठळक ठिपका प्रामुख्याने त्याच्या वाताशयातील (शरीरातील हवेच्या पिशवीतील) हवेमुळे उमटतो, मांसामुळे नव्हे, म्हणून ठिपक्याच्या आकारावरून वजनाचा अंदाज बांधणे फसवे असते. आधी ज्ञात गोष्टी पाहाव्यात : एखाद्या धक्क्याचा खांब समोर घेऊन झोत त्याच्यावर स्थिर ठेवण्याचा सराव करावा, मग जड शिशाचा किंवा टंगस्टनचा जिग (वजन जडवलेला गळ) सोडून तो खाली जाताना पडद्यावर ओळखावा. क्रॅपी वर पाहून खातो, त्यामुळे आमिष त्याच्या डोक्याच्या हातभर वर थांबवले तर तो उठून येतो आणि त्याच्या खाली गेले तर बहुधा दुर्लक्ष करतो. हे सारे डोळ्यांनी पाहता येणे हीच या यंत्राची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी देणगी आहे. मासा आमिषापाशी येतो, थांबतो आणि वळून निघून जातो, हे दिसू लागले की कालपर्यंत ज्याला आपण ‘आज मासे नाहीत’ म्हणत होतो तो दिवस वेगळाच दिसतो.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : आधी कायाक स्थिर ठेवण्याची सोय करावी. उथळ पाण्यात तळात रोवायचा खांब आणि खोल पाण्यात पुढे-मागे सरकणाऱ्या दोरीवरचा लहान नांगर एवढे पुरते. एक हंगाम त्यावर काढावा. त्यानंतरही वर्षातून पंचवीस-तीस दिवस पाण्यावर जाणे होत असेल, तर यंत्र घ्यावे. चार-पाचच दिवस जाणे होत असेल, तर माझा सल्ला नकारार्थी आहे.

प्रश्न : लाइव्ह सोनारने मासा पाहून पकडणे अन्यायाचे आहे, असे आमच्या मित्रमंडळात काही जण म्हणतात. लहान मासे आम्ही सोडून देतो. तरीही नुकसान होते का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : न्याय-अन्यायाचा वाद स्पर्धांमध्ये जोरात आहे. मेजर लीग फिशिंग या अमेरिकी स्पर्धा-संस्थेने 2025 मध्ये आपल्या बास प्रो टूर या स्पर्धामालिकेत दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात असा सोनार वापरण्याची मर्यादा घातली. आपण स्पर्धक नाही, त्यामुळे माझी काळजी निराळी आहे. ती खोलीविषयी आहे.

पाण्यात 10 मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथून मासा झटकन वर ओढला, की त्याच्या वाताशयातील हवा फुगून दुप्पट होऊ पाहते. पोट फुगते, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडात येते. सोडून दिल्यावर असा मासा खाली जाऊ शकत नाही, पृष्ठभागावर तरंगत राहतो, आणि खाली गेलेला दिसला तरी तो जगेलच असे नाही. पूर्वी हिवाळ्यात खोल पाण्यात गेलेले क्रॅपी बहुतेकांना सापडतच नसत. आता ते बुंध्यांसकट पडद्यावर दिसतात. ज्या माशाला खोलीचे संरक्षण होते त्याचे ते संरक्षण आपण काढून घेतले आहे.

लेक फोर्कवर हिवाळ्याच्या महिन्यांत लांबीची अट काढून पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवून घ्यावा, असा नियम लाइव्ह सोनार येण्याच्या कितीतरी आधी केला गेला, तो याच कारणाने : खोलातून काढलेला लहान मासा सोडणे म्हणजे तो वाया घालवणे. दर वर्षी निघण्यापूर्वी त्या तलावाचा चालू नियम राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाकडून पाहून घ्यावा. त्याखेरीज मी स्वतः एक मर्यादा पाळतो. सुमारे आठ मीटरपेक्षा खोल दिसलेल्या माशांवर, खाण्यापुरते ठेवायचे नसतील तर, मी गळ सोडतच नाही, आणि खायला पुरेसे मिळाले की दांडा वर उचलतो. पाहून, पकडून, सोडून, पुन्हा पाहून असा खेळ खोल पाण्यात कृपया करू नये. याच तलावात 1992 मध्ये राज्याचा विक्रमी, 18.18 पौंडांचा बास क्रॅपीसाठी लावलेल्या गळाला लागला होता. खोल पाण्यात गळाला कोण लागेल हे आपल्या हातात नसते, हे ध्यानात असावे.

प्रश्न : माझ्याकडे हवा भरण्याची कायाक आहे. उजनीच्या फुगवट्यावर कटला, रोहू आणि मरळ यांसाठी लाइव्ह सोनार घ्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सुचवतो. मरळ काठच्या उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात राहतो आणि हवा घेण्यासाठी वर येतो. तेथे झोत पाने-देठांतच अडकतो, आणि पाण्यावर उठणारा बुडबुडा डोळ्यांना आधी दिसतो. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो, पण त्यांच्यासाठी आपण चारा टाकून वाट पाहतो, माशामागे जात नाही. त्यामुळे समोर पाहणाऱ्या यंत्राचा लाभ थोडा आहे. त्याशिवाय धरणात जाळी लावलेली असतात आणि दांडा त्यांत गुंतला तर मच्छिमाराचे नुकसान आणि आपल्याला धोका, दोन्ही होते. राज्यातील जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छिमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक संस्थेला विचारावे, आणि धरणाच्या दरवाजांतून पाणी सोडले जात असताना अजिबात उतरू नये.

खोली दाखवणारा साधा, लहान सोनार मात्र उपयोगी पडेल. त्याच्याबरोबर एक काम करावे, ज्याला पैसे लागत नाहीत. मे महिन्यात उजनीचे पाणी ओसरते, पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि त्याबरोबर बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बांध आणि भीमेचे मूळ पात्रही उघडे पडते. तेव्हा पायी फिरून या जागांच्या खुणा मोबाइलच्या नकाशावर टिपून ठेवाव्यात, आणि पाऊस संपून पाणी निवळल्यावर, कार्तिकात, कायाक घेऊन त्याच खुणांवर जावे.