छेदात कोण कोण?

प्रश्न : मी सोलापूरची. बीएचएमएस करून यंदा पुण्यात एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर कोर्सला) प्रवेश घेतला. पहिल्याच महिन्यात इन्सिडन्स, प्रिव्हॅलन्स, ऑड्स रेशोनं डोकं भणाणलंय. गणित दहावीनंतर सुटलं. आई विड्या वळून मला शिकवतेय. वर्ष वाया जाण्याआधी कोर्स सोडू का?

उत्तर : सोडू नकोस, बाळ. पहिल्या सत्रात बहुतेक सगळा भागाकारच असतो. माणूस अडतो तो छेदापाशी : कुणाला मोजलं आणि कोण राहून गेलं.

समज, लग्नाच्या पंगतीत २०० माणसं जेवली. बासुंदी खाल्लेल्या १२० पैकी ६० आजारी पडली, न खाल्लेल्या ८० पैकी ८. म्हणजे ५० टक्के आणि १० टक्के. धोका पाचपट, हाच रिलेटिव्ह रिस्क. इथे अख्खी पंगत माहीत आहे. फक्त दवाखान्यातले रुग्ण हाती असले, तर छेद कुठून आणणार? मग आजारी आणि बिनआजारी अशा दोघांनाही मागचं खाणंपिणं विचारायचं आणि ऑड्स रेशो काढायचा : दोन्ही गटांत खाल्लेले भागिले न खाल्लेले, आणि मग त्या दोन आकड्यांचा भागाकार. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा संबंध असाच मागचं विचारून दाखवला.

इन्सिडन्स म्हणजे नवे रुग्ण, हौदात नव्यानं पडणारं पाणी; प्रिव्हॅलन्स म्हणजे आत्ता असलेले सगळे रुग्ण, हौदात साठलेलं पाणी. चांगल्या औषधानं मधुमेही जास्त जगले की हौद भरतो, नळाची धार तेवढीच असली तरी.

आता तुझ्या घराकडे ये. विडी कारखान्यात माल द्यायला आलेल्या बायका तपासल्या आणि खोकला कमी निघाला, तर निष्कर्ष काय काढशील? दम लागतो म्हणून काम सोडलेल्या बायका त्या रांगेत नसतातच. पुस्तकात याला हेल्दी वर्कर इफेक्ट म्हणतात. तुझ्या वर्गातल्या किती जणांना हे घरबसल्या कळेल? म्हणूनच मला तू या विषयात हवी आहेस.

आपल्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिथली माणसं रुग्णालयात बसून न राहता गावोगाव जाऊन रुग्ण शोधत आली. सुट्टीत ते काम बघायला परवानगी माग.

महिनाभर सॉफ्टवेअर बाजूला ठेव. रोज एक चार घरांचा तक्ता (आडवे खाल्लेले-न खाल्लेले, उभे आजारी-बिनआजारी) पेन्सिलीनं मांड. आणि दिवाळीत घरी आलीस की काम सोडलेल्या मावश्यांशी बोल : किती वर्षं वळल्या, कधी सोडलं, का सोडलं. हे तुझ्या समजुतीपुरतं. प्रबंधासाठी घ्यायचं झालं तर आधी एथिक्स कमिटीची मंजुरी.