जर्मनीला निघताय? बॅगांपेक्षा बायकोच्या जर्मनचं आधी बघा

प्रश्न असा आहे : "सांगलीहून आम्ही चौघं जर्मनीला चाललोय. मला ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा नोकरी-वास्तव्याचा परवाना) मिळतंय, मुलगी 7 वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. सामान काय न्यावं आणि बस्तान बसायला किती दिवस लागतात? बायको घरीच असणार, त्यामुळे तिची काळजी नाही."

या शेवटच्या वाक्यासाठी उत्तर लिहितेय.

सामानाचं आधी उरकते. भारतातून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे, तेव्हा साताऱ्याचे कंदी पेढे आणि तूप घरीच राहू द्या. ताजा कढीपत्ताही नको. हळद, बेदाणे, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी सीलबंद करून न्या. ज्वारीचं पीठ तिकडच्या भारतीय दुकानांत मिळतं, त्यात वजन घालवू नका. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही; इंडक्शनचं बूड असलेला स्टीलचा घ्या. लोखंडी तवा चालतो, बूड सपाट हवं. वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ आहे, त्यामुळे मिक्सर चालेल, फक्त आपली जाड तीन पिनी बसत नाही.

आता बायकोची काळजी. पहिल्या वर्षी जर्मन भाषा सगळ्यात जास्त कुणाला लागते? तुम्हाला नाही. तुमचं ऑफिस बहुधा इंग्रजीत चालेल. मुलांच्या डॉक्टरांकडे फोन, शाळेची चिठ्ठी, "रात्री दहानंतर वॉशिंग मशीन नको" म्हणणारी खालची शेजारीण, हे सगळं जी घरी असते तिच्या अंगावर येतं.

नुसतं किटाचं, म्हणजे तिकडच्या पाळणाघर-बालवाडीचं बघा. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळणं हा 2013 पासून कायद्याने हक्क आहे. तरी जागांसाठी रांग असते, म्हणून पत्ता पक्का झाला की त्याच आठवड्यात अर्ज टाका. जागा मिळाली म्हणून मुलाला सोडून निघता येत नाही. आधी आइनगेव्योनुंग, म्हणजे मुलाला रुळवणं. बऱ्याच ठिकाणी बर्लिनची पद्धत वापरतात : पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तासाभरासाठी मुलासोबत खोलीत बसतात, ताटातूट अजिबात नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन बाहेर जायचं, फार तर अर्धा तास. मूल रडलं आणि ताईंच्या कुशीत काही मिनिटांत शांत झालं नाही, तर पालकाला लगेच आत बोलावतात. तो चौथा दिवस सोमवारी आला तर मंगळवारवर ढकलतात, कारण सुट्टीनंतर मूल घरच्या माणसाला जास्त चिकटलेलं असतं. पुढे वेळ हळूहळू वाढवतात. सगळ्याला दोन-तीन आठवडे सहज जातात, काही मुलांना त्याहून जास्त. "ती बघ चिऊ" म्हणून मागच्या मागे सटकायचं नाही. मुलाचा विश्वास उडतो, असं किटातल्या ताई सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

रोज न्यायला गेलं की ताई दारातच सांगतात : काय खाल्लं, किती झोपला, शी झाली का, कुणाशी भांडला. उद्या चिखलात खेळायची रबरी पँट आणा, घरात घालायचे बूट लहान झालेत. हे सगळं जर्मनमध्ये, आणि कडेवर रडणारं पोर. तिथे तिला नुसतं हसून मान हलवायला लावणार का?

निघण्याआधी गोवराच्या लसी बघा. किटात आणि शाळेत गोवराच्या लसीचा पुरावा 2020 पासून सक्तीचा आहे : वर्षाच्या पुढे निदान एक डोस, दोन वर्षांच्या पुढे दोन. आपल्याकडे दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत देतात, म्हणजे मुलाचा सांगलीतच उरकता येईल. मराठी कार्डावरच्या नोंदी डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत, तारखा आणि शिक्क्यासह लिहून घ्या. मुलीच्याही.

मुलीला घरी शिकवायचा पर्याय नाही, शाळा सक्तीची आहे. प्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी दुपारीच सुटते, म्हणून दुपारच्या देखभालीचा अर्ज शाळेच्या अर्जासोबतच द्या.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर लेटरबॉक्सवर दोन्ही आडनावं लावा. नाव नसलं की पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि टॅक्स नंबर टपालानेच येतो. त्या नंबरांवर मुलांच्या भत्त्याचा अर्ज करायचा. 2026 पासून तो दर मुलामागे महिना 259 युरो आहे, आणि मागचा फक्त सहा महिन्यांचा मिळतो.

"मुलं बघायला आईला बोलावून घेऊ, मग हिला क्लासला जाता येईल," हा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो, आणि मला तो अजिबात पटत नाही. आईला शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपात फिरायला येणाऱ्यांच्या व्हिसावर, 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, वर किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यावर वर्षाचं गणित बसत नाही. आणि सुनेची भाषा सासूच्या सोयीवर का अवलंबून ठेवायची? किटात रुळवायचा पहिला आठवडा बापाने रजा घेऊन बसावं. बायकोने पोहोचल्याच्या महिन्यात नव्याने आलेल्यांसाठीच्या सरकारी इंटिग्रेशन कोर्सला नाव घालावं : 600 तास भाषा, 100 तास देशाची माहिती. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा आहे. "ती घरीच असणार" हे तिने ठरवलंय की तुम्ही?

किटाची फी आणि अर्जाची रीत राज्याराज्यांत वेगळी आहे; बर्लिन, हॅम्बुर्गमध्ये आधी व्हाउचर, म्हणजे किटासाठीची सरकारी मंजुरी, काढावं लागतं. आणि ब्लू कार्डऐवजी दुसरा कुठला परवाना हातात पडला, तर बायकोच्या व्हिसासाठी A1, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेचं प्रमाणपत्र मागू शकतात. ब्लू कार्डला ते लागत नाही. तरीही पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाची (जर्मन शिकवणारी संस्था) ती परीक्षा देऊनच तिला निघू द्या.