विनाअनुदानित कॅथलिक शाळेला वळण कसं लावायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये एका कॅथलिक ट्रस्टची विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची शाळा आहे आणि जूनपासून तुम्ही तिथे मुख्याध्यापक होताय. ट्रस्टी म्हणतात, शाळा कॅथलिक वाटली पाहिजे. पालक बहुतेक हिंदू, त्यांना धर्म नको पण 'कॉन्व्हेंटची शिस्त' हवी. सुरुवात कुठून करायची, आणि गेटवर ग्रोटो (मेरीमातेची गुंफा) बांधायचा का?

मी कॅथलिक नाही, हे आधीच सांगते. नाशिकरोडकडच्या एका मिशनच्या शाळेत मराठी शिकवलं आणि पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. त्या काळात फादर, सिस्टर, एकदा बाहेरून आलेले सर असे बरेच मुख्याध्यापक पाहिले. चॅपल तेच, वर्गातला क्रूस तोच, परिपाठाची प्रार्थनाही तीच. तरी माणूस बदलला की वर्षभरात शाळा बदलायची. हा बदल सगळ्यात आधी फीच्या खिडकीवर कळायचा, मग प्रवेशाच्या टेबलावर, आणि कोणाची तक्रार आली की केबिनमध्ये. जिथे योग्य वागलं तर संस्थेच्या खिशाला किंवा नावाला झळ बसते, तिथे मुख्याध्यापक काय करतो, ते शिपायापासून पहिलीच्या मुलापर्यंत सगळे बघत असतात आणि तसंच वागायला शिकतात.

प्रवेशापासून सुरुवात करा. तुमच्यासारख्या अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये प्रमती खटल्यात ठरवलं. (सप्टेंबर 2025 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन विषय मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलंय, तेव्हा वकिलांकडून ताजी स्थिती विचारून घ्या.) याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ असा, की शेजारच्या खाजगी शाळेत त्या कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांच्या सोडतीतून रिक्षावाल्याचं मूल येतं. तुमच्याकडे ते आपोआप येणार नाही, तुम्ही आणाल तरच येईल. दुसरीकडे, त्याच कायद्यात मुलाची आणि पालकांची मुलाखत घेऊन निवड करायला बंदी आहे. तीही तुम्हाला लागू नाही म्हणून अशा अनेक शाळांत मुलाखती बिनदिक्कत चालतात.

यात सर्वांत जास्त कोण भरडलं जातं, माहीत आहे? इथलेच मराठी कॅथलिक. नाशिक धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश) 1987 मध्ये पुण्यातून वेगळा झाला आणि नगर जिल्हाही त्यात आला. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर भागातून आलेली कितीतरी कुटुंबं आज नाशिकरोड, सातपूर, सिडकोत राहतात. घरात मराठी, चर्चमधला मिस्सा हा उपासनाविधी मराठीत, सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीची (मेरीमातेची) यात्रा. बाप एमआयडीसीत कंत्राटी. त्यांचं साडेतीन वर्षांचं पोर 'व्हॉट इज युअर नेम' ऐकून आईच्या पदरात तोंड लपवतं आणि यादीतून गळतं. अल्पसंख्याक म्हणून मिळालेली सवलत वापरून त्याच समाजातलं मूल बाहेर ठेवायचं, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. तुमच्या हातात असेल तर मुलाखत बंद करा. ट्रस्टी कुरकुरले तर त्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा) 28 ऑक्टोबर 1965 चा शिक्षणावरचा जाहीरनामा दाखवा. पैशाने गरीब, घरच्या आधाराला आणि मायेला पारखे, आणि श्रद्धेपासून दूर असलेले, यांच्या गरजांकडे कॅथलिक शाळांनी विशेष लक्ष द्यावं असं त्यात आहे. त्याच दिवशी परिषदेने इतर धर्मांविषयीचा जाहीरनामाही प्रसिद्ध केला. तोही सोबत न्या, धर्माचा मुद्दा निघाला की लागेल.

आता फी. 2011 च्या महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन कायद्यामुळे फीवाढ पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे न्यावी लागते. ती बैठक सह्यांपुरती उरकू नका, खर्चाचा हिशोब खरोखर मांडा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे थकलेल्या फीची वसुली. लासलगावला कांद्याचा भाव पडला की निफाडकडून बसने येणाऱ्या मुलांची फी थकते. द्राक्षावर अवकाळी पाऊस पडला तरी तेच. अशा मुलांची नावं वर्गात वाचून दाखवणं, परीक्षेच्या दिवशी त्यांना ऑफिसबाहेर उभं करणं, हे पहिल्या दिवसापासून थांबवा. फीबद्दल बोलायचं ते पालकांशी, बंद दाराआड. फीमाफीसाठी अंदाजपत्रकात वेगळा आकडा मागा. तो नसेल, तर भिंतीवर गरिबांवरच्या प्रेमाचं वचन रंगवू नका.

धर्माबाबत दोन्ही बाजूंना स्पष्ट सांगा. संविधानाच्या अनुच्छेद 30 ने तुम्हाला शाळा चालवण्याचा हक्क दिलाय. अनुच्छेद 28(3) प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. चर्चचा स्वतःचा कायदाही तेच म्हणतो. त्यातल्या कॅनन (म्हणजे कलम) 748 प्रमाणे कोणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडता येत नाही. 2024 मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने शाळांना सूचना दिल्या, त्यातही इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका आणि परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा असं सांगितलंय. तेव्हा धर्मशिक्षण कॅथलिक मुलांना, त्या तासाला बाकीच्यांना मूल्यशिक्षण, आणि परिपाठाची प्रार्थना कोणती असेल ते प्रवेशाच्या वेळीच मराठीत छापून पालकांच्या हातात द्या. लपवाछपवी मात्र करू नका. क्रूस काढून ठेवणाऱ्या शाळेबद्दल नाशिकमध्ये जास्त कुजबुज होते. जी शाळा उघड सांगते, तिच्याशी पालक वाद घालतात, पण विश्वासही ठेवतात.

आणि ती 'कॉन्व्हेंटची शिस्त'! राखी कापणं, मेंदी दिसली की हात पुढे करायला लावणं, टिकली पुसणं, मराठी बोलल्याबद्दल दंड. याला कॅथलिक म्हणायला कोणताच आधार नाही, ही नुसती जुनी सवय आहे. पालकांनाच ती आवडते हे खरं, विशेषतः दुसऱ्याच्या मुलाला लागू झाली तर. तुम्ही नाही म्हणा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 मध्ये ज्या गावात झाला, तिथे समतेबद्दल मुलांशी बोलायला परदेशी उदाहरणं लागत नाहीत. तो सुरू झाला त्या दिवशी, 2 मार्चला, सहावी-सातवीला पंचवटीत घेऊन जा.

शिक्षकांबद्दल एक बारीक गोष्ट. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा अल्पसंख्याक शाळेचा प्रमुख आणि व्यवस्थापनाने कळवलेल्या आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्तींच्या भरतीला लागू होत नाही. म्हणजे संस्थेचा स्वभाव सांभाळायला मोजकी माणसं तिने आपल्या मनाने निवडावीत, एवढी मोकळीक आहे. ही माणसं विचारपूर्वक निवडा, नातेवाईक घुसवू नका. पण शाळा प्रत्यक्षात चालवतात त्या माझ्यासारख्या जोशी-पाटील-शेख बाई. आम्हाला संतांच्या सणांची यादी मिळायची, त्यामागचं कारण क्वचितच. एका सिस्टरने दर शनिवारी शेवटच्या तासाला स्टाफरूममध्ये बसून 'हा निर्णय मी का घेतला' हे सांगायचा पायंडा पाडला. वाद व्हायचे, चहा गार व्हायचा. पण त्या वर्षी पहिल्यांदाच स्टाफमधले लोक 'आपली शाळा' म्हणू लागले.

पगाराचंही बघा. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, हे विनाअनुदानित शाळांतलं उघड गुपित आहे. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये कामगारांच्या न्याय्य वेतनावर परिपत्रक काढलं, ते ट्रस्टच्या बैठकीत वाचायला हरकत नाही.

मुलावर लैंगिक अत्याचाराची तक्रार आली, मग ती कोणाविरुद्धही असो, फादर असोत वा बसचा क्लीनर, पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आधी आपापसात बघू' असं म्हणणारा कोणीतरी निघतोच. नेमणूकपत्र घेतानाच ट्रस्टींना सांगून ठेवा की तुम्ही थांबणार नाही.

ट्रस्ट स्वतंत्र असला तरी बिशपांना भेटा. कॅनन 803 प्रमाणे त्यांच्या संमतीशिवाय शाळेला कॅथलिक हे नाव लावता येत नाही, आणि 806 प्रमाणे धर्मप्रांतातल्या कॅथलिक शाळांवर देखरेख ठेवण्याचा व त्यांना भेट देण्याचा त्यांना हक्क आहे. ट्रस्टींशी खटका उडाला तर ही ओळख कामाला येईल.

ग्रोटो जरूर बांधा. मूल सोडायला आलेल्या हिंदू आयाही तिथे हात जोडतात, फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला जातात तशाच. फक्त फीमाफीचा आकडा मंजूर झाल्यावर, दिवाळीच्या सुटीत काम काढा.